दान आणि आमिष

उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील चार तरुण आमच्या खोलीत येऊन बसले. त्यांतील एक लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून आपला चरितार्थ चालवतो. त्याने आपल्या फोनवर आम्हांला एक चित्रफीत दाखवली. एका बुटक्या धबधब्याच्या कड्यावर तपकिरी रंगाची प्रचंड अस्वले उभी आहेत. खालून चकाकणारे मासे प्रवाहाविरुद्ध उड्या घेत आहेत. आणि एखादा मासा नेमका अस्वलाच्या उघड्या जबड्यात शिरतो आहे. स्थळ होते अलास्कातील कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातला ब्रुक्स धबधबा. "फादर, असा एक फोटो मिळाला तर जन्माचं सार्थक होईल," तो म्हणाला.

अलास्काचे भाडे आमच्या धर्मग्रामात कोणालाच परवडणारे नाही. म्हणून या मुलांनी आपले अलास्का जवळच शोधले होते. नांदेडहून आदिलाबादच्या लोहमार्गाने भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड असे करीत गाडी किनवटला पोहोचते. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेच्या वळणांत पैनगंगा अभयारण्य आहे. त्या रानात अस्वले आहेत. लातूरच्या उघड्याबोडक्या माळरानावर वाढलेल्या मुलांना किनवट-माहूरचा सागवानी डोंगर म्हणजे परदेशच वाटतो. मुलांचा बेत ठरला होता. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका टेकडीच्या पायथ्याशी, अस्वल येते अशी पक्की खबर त्यांना होती. तेथे लातूरच्या बाजारातून नेलेल्या गुळाच्या दोन ढेपा फोडून ठेवायच्या, वर थोडा मध ओतायचा आणि झाडावर बसून वाट पाहायची.

आमच्याकडे ते परवानगीसाठी आले नव्हते. आमची जीप मागायला आले होते. परंतु जाता जाता छायाचित्रकाराने विचारले, "यात काही चूक तर नाही ना, फादर? आपण शिकार करत नाही. उलट उन्हाळ्यात त्या मुक्या जिवाच्या पोटात चार घास जातील."

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर ते आम्हांला देता आले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकून आणि तीसेक वर्षे पापनिवेदन ऐकूनही, गुळाच्या ढेपेविषयी आम्हांला कोणी प्रश्न विचारला नव्हता. या लेखाच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा विचार वाचकांसमवेत करावा, असे वाटते.

प्रथम अस्वलाविषयी. आपल्याकडचे काळे, झिपरे अस्वल मासे पकडत नाही, हे ऐकून मुले जरा खट्टू झाली. त्याचे खाणे निराळे आहे. वारूळ दिसले की ते लांब नख्यांनी उकरते, तोंड आत घालून धूळ फुंकून टाकते आणि वाळवी ओढून घेते. त्याच्या वरच्या जबड्यातील मधले दोन दात जन्मतःच नसतात. त्या फटीतून वाळवी शोषली जाते. ओढण्याचा तो आवाज रात्रीच्या शांततेत दूरवर ऐकू येतो. मोहाची फुले, टेंभुर्णीची फळे, बोरे, जांभळे, उंबर आणि मध हा त्याचा उरलेला आहार. पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडणारी अस्वलाची मादी ज्याने पाहिली, तो ते दृश्य विसरत नाही.

हे अस्वल आपल्या पिढीला अपरिचित नाही. आमच्या लहानपणी दरवेशी त्याला दोरीने बांधून गावोगाव आणीत असे. आम्ही मुले टाळ्या पिटत असू, बायाबापड्या अस्वलाचा केस मागून घेऊन ताईतात घालीत. ती दोरी त्याच्या नाकात भोसकून घातलेली असे, हे आम्हांला पुढे कळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हा खेळ बरीच वर्षे चालू राहिला. दरवेशी कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून देत देत, शेवटचे नाचरे अस्वल सोडवले गेले ते २००९ साली. आमच्या मनोरंजनासाठी त्या जिवाने काय भोगले, याचा आम्ही टाळ्या वाजवताना कधी विचार केला नाही. पाहणाऱ्याला असा विचार सहसा सुचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणत्याही कृत्याची नैतिक पारख करताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्हांला शिकवले गेले : प्रत्यक्ष कृत्य कोणते, ते करणाऱ्याचा हेतू कोणता आणि ते कोणत्या परिस्थितीत घडते. ही कसोटी जुनी आहे, पण गुळालाही ती लागू पडते.

कृत्य पाहिले तर ते निर्दोष दिसते. भुकेल्याला अन्न देणे हे चांगलेच. मुलांनी आणखी एक दाखला दिला. कर्नाटकात, हंपीजवळ दरोजी येथे १९९४ साली अस्वलांसाठी अभयारण्य झाले. तेथे वनखात्याचे कर्मचारीच खडकांवर गुळाचे मिश्रण लावून ठेवतात आणि लोक दूरच्या मनोऱ्यावरून अस्वले पाहतात. "सरकार करतं ते चालतं, मग आम्ही केलं तर?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. दरोजीची पद्धत योग्य की अयोग्य, यावर जाणकारांत वाद होऊ शकेल. पण तेथे जागा ठरलेली आहे, पाहणारा दूर आहे आणि उद्याची जबाबदारी घेणारे कोणीतरी तेथे रोज हजर आहे. आमची मुले एका रात्रीसाठी जाणार आणि सकाळच्या गाडीने परतणार होती.

हेतूपाशी आलो की गूळ कडवट लागू लागतो. आम्ही त्या तरुणाला एवढेच विचारले, "समजा, तुझा कॅमेरा त्या दिवशी बिघडला, तरी तू गूळ घेऊन जाशील?" तो हसला, प्रामाणिक मुलगा आहे. "नाही, फादर." मग ती ढेप अस्वलाच्या भुकेसाठी नाही, आपल्या चित्रासाठी आहे. अशा देण्याला आपल्या भाषेत निराळा शब्द आहे : आमिष. गळाला लावलेला गांडूळही माशाच्या दृष्टीने अन्नच असतो. दान आणि आमिष यांत वस्तू तीच असते, देणाराही तोच असतो. फरक इतकाच, की दान घेणाऱ्याकडे पाहते आणि आमिष देणाऱ्याकडे. कायदा करणाऱ्यांनाही हा फरक कळला असावा, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या करताना प्राण्याला आमिष दाखवणे हेही शिकारीतच मोजले आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर गेले म्हणून ती व्याख्या बदलत नाही. मुलांना याची कल्पना नव्हती; आम्हांलाही शोध घेतल्यावरच कळले.

तिसरी गोष्ट परिस्थिती. आम्हांला वाटते, खरे पाप असलेच तर ते येथे दडलेले असते, कारण परिस्थितीत तिसरा माणूस उभा असतो आणि तो चित्राच्या चौकटीत येत नाही. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध यांची गावे आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. चैत्रात पहाटे अंधार असतानाच बाया मोहाची फुले वेचायला रानात जातात. वैशाखात तेंदूपानांची तोडणी असते. त्याच झाडाखाली त्याच फुलांसाठी अस्वलही येते. त्याची दृष्टी अधू असते. खाण्यात गुंगलेले असताना माणूस अचानक पुढ्यात आला की ते घाबरते, मागच्या पायांवर उभे राहते आणि सरळ चेहऱ्यावर घाव घालते. माणसाच्या वासाबरोबर गूळ येतो असे ज्या अस्वलाला एकदा शिकवले, ते पुढच्या वेळी माणसाचा वास आल्यावर दूर जाईल की जवळ येईल? आपण तर चित्र घेऊन नांदेडला परतलेलो असू. आठ दिवसांनी टोपली घेऊन त्या टेकडीखाली कोण उभी असेल?

ही भीती कल्पनेतली नाही. रशियातील कामचात्का द्वीपकल्पावर कुरिल नावाचे सरोवर आहे. तेथेही सॅमन मासे येतात आणि त्यांच्यामागे अस्वले. जपानचे विख्यात छायाचित्रकार मिचिओ होशिनो ऑगस्ट १९९६ मध्ये तेथे चित्रीकरणासाठी गेले असता, रात्री तंबूतून अस्वलाने त्यांना ओढून नेले. अस्वलांवर मनापासून प्रेम करणारा, अत्यंत सौम्य वृत्तीचा हा माणूस होता. ते अस्वल आधीच माणसाच्या अन्नाला चटावलेले होते, असे पुढे सांगितले गेले. अन्न एकाने दिले, किंमत दुसऱ्याने चुकवली.

याच्या उलट उदाहरणही त्याच सॅमनच्या देशातले आहे. अलास्कात मॅकनील नदीवर उन्हाळ्यात डझनावारी अस्वले एका वेळी मासे पकडताना दिसतात. १९७३ पासून तेथे दिवसाला दहाच माणसांना, तीही सोडत काढून, प्रवेश मिळतो. ती एकत्र चालतात, ठरलेल्या जागीच बसतात आणि अन्नाचा कणही अस्वलाच्या वाट्याला येऊ देत नाहीत. इतक्या वर्षांत तेथे अस्वलाने एकाही पाहुण्याला इजा केलेली नाही. अस्वले माणसांपासून काही पावलांवर आपल्या पिल्लांना पाजतात. माणसाकडून आपल्याला काही मिळणार नाही आणि आपले काही जाणारही नाही, हे त्यांना ठाऊक झाले आहे. ज्या शेजाऱ्याकडून काही घ्यायचे नाही त्याच्याजवळ निर्धास्त बसता येते, हा अनुभव माणसांनाही असतो.

सॅमन माशाची कथाही सांगण्याजोगी आहे. नदीत जन्मून तो समुद्रात जातो, वर्षांनी आपल्याच नदीत परततो, अंडी घालतो आणि मरतो. अस्वले त्याला उचलून झाडीत नेतात, अर्धा खातात, अर्धा टाकतात. त्या उरलेल्या माशाचे खत होते आणि समुद्रातले सत्त्व काठच्या वृक्षांच्या खोडांत सापडते. तेथे कोणी कोणाला चित्रासाठी काही देत नाही, तरी सर्वांना मिळते. पवित्र शास्त्रात ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर दुःखी ईयोबाला रानगाढव, पहाडी शेळी, गरुड असे एकेक प्राणी दाखवतो. त्यांतले बहुतेक माणसाच्या उपयोगाचे नाहीत. त्यांची काळजी वाहणारा दुसराच कोणी आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच जाणीव दिली, की प्रत्येक जिवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे. ते आपल्या उपयोगावर ठरत नाही. आपल्या चित्रावरही ठरत नाही, अशी पुस्ती आम्ही जोडू.

येथवर विचार केल्यावर मुलांना उत्तर देणे सोपे होते. आम्ही त्यांना पुन्हा बोलावले आणि हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आजवर गप्प बसलेला त्यांच्यातला सर्वांत धाकटा म्हणाला, "पण फादर, आपण वाटप करतो तेव्हा पण आधी फोटोच काढतो की."

वाचकहो, त्या वाक्यानंतर खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्हांला २०१६ चा उन्हाळा आठवला.

त्या वर्षी लातूर शहर पाण्यावाचून होरपळत होते. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ प्रशासनावर आली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. देशभरातून कॅमेरे आले. रिकाम्या घागरींची रांग हे त्या उन्हाळ्याचे चित्र झाले. आम्हीही त्या वेळी एका दात्याच्या साहाय्याने एका वस्तीत टँकर नेला होता. टँकर पोहोचला सकाळी दहाला. बाया हांडे, कळश्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पण दात्याला अहवालासोबत छायाचित्र हवे होते आणि छायाचित्र काढणारा यायला उशीर होता. आम्ही नळाला हात लावू दिला नाही. जवळजवळ पाऊण तास, चैत्राच्या उन्हात, भरलेल्या टँकरसमोर ती रांग उभी राहिली. तो आल्यावर आम्ही पहिल्या घागरीत पाणी सोडले आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. चित्र काढून झाले तरी रांगेतील पहिली बाई जागची हलली नाही. तिने विचारले, "फोटो झाला का, फादर? पाणी घेऊ का आता?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला तो व्यवहार माहीत होता : आधी चित्र, मग पाणी. हे तिला कोणी शिकवले? आमच्यासारख्यांनीच. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो आणि मदतीच्या तुकडीतून औसा भागात गेलो होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली गावे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली होती. तेथे हजारो हात निःशब्दपणे ढिगारे उपसत होते. आणि तेथेच आम्ही असेही पाहिले, की घोंगडी देणारा हात घोंगडीचे टोक सोडत नव्हता, कारण समोरचा कॅमेरा अजून सज्ज झाला नव्हता. घेणारा दुसरे टोक धरून, मान खाली घालून उभा होता. तरुणपणी आम्हांला त्याचा संताप आला होता. तेवीस वर्षांनी लातूरच्या वस्तीत टोक आमच्याच हातात होते आणि आम्हांला ते दिसलेही नाही.

उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये, हा प्रभूचा उपदेश आम्ही किती वेळा व्यासपीठावरून समजावून सांगितला असेल! तो दात्याच्या नम्रतेसाठी आहे, असेच आम्ही सांगत आलो. आता वाटते, तो घेणाऱ्याच्या रक्षणासाठीही असावा. ज्याच्या हाती भाकरी ठेवली त्याचे तोंडही आपण मागून घेतले, तर भाकरी फुकट राहिली कोठे? तिची किंमत आपण वसूल केली, आणि तीही तो नकार देऊ शकत नाही अशा घडीला. अस्वल निदान गूळ न खाता निघून जाऊ शकते. रांगेतील बाईला तीही सोय नव्हती.

कोणी म्हणेल, अस्वलाची आणि माणसाची अशी सांगड घालणे योग्य नाही. माणसाची थोरवी निराळी आहे, हे आम्हांला मान्य आहे. संत थॉमस अक्वायनस यांचा एक जुना विचार सेमिनरीत शिकवला जाई, की जनावराशी क्रूर वागणाऱ्याला माणसाशीही क्रूर वागण्याची सवय जडते. विद्यार्थिदशेत तो विचार आम्हांला तोकडा वाटे. आज त्याची दुसरी बाजू दिसते. रानातल्या गुळाची चूक आम्हांला चटकन दिसली, कारण ती दुसऱ्याची होती. टँकरची चूक आठ-दहा वर्षे दिसली नाही. त्या मुलाने अस्वलाचा विषय काढला नसता, तर ती कदाचित मरेपर्यंत दिसली नसती.

छायाचित्रे काढूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. लातूरच्या घागरींची चित्रे छापून आली म्हणूनच कित्येकांचे लक्ष तिकडे वेधले गेले, हे कसे विसरावे? ब्रुक्स धबधब्यावरचे एक जगप्रसिद्ध छायाचित्र थॉमस मॅंगेलसन यांनी १९८८ साली काढले. उडालेला मासा अस्वलाच्या जबड्यात शिरण्याच्या क्षणाचे ते आहे. त्यांनी तेथे मासा टाकला नव्हता. अस्वल जसे थंडगार पाण्यात तासन् तास उभे राहते, तसेच तेही वाट पाहत उभे राहिले. मासे आपल्या वाटेने येत होते, अस्वल आपल्या भुकेने उभे होते आणि छायाचित्रकार तेथे नसता तरीही सारे तसेच घडले असते. ही शेवटची कसोटी आम्ही मुलांना दिली : आपण नसतो तरी जे घडले असते, तेवढेच टिपावे.

मुलांचा बेत आता बदलला आहे. महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद केली जाते. उन्हाळ्यात रानातले झरे आटले की काही पाणवठ्यांत टँकरनेच पाणी भरतात. तेथील जनावरेही आपल्यासारखीच टँकरवर जगतात. मात्र ते पाणी पौर्णिमेच्या पाहुण्यांसाठी भरलेले नसते; पाहुणे येवोत न येवोत, ते भरावेच लागते. मुलांनी वनखात्याकडे रीतसर अर्ज करायचे ठरवले आहे. सुगंधी तेल लावायचे नाही, बोलायचे नाही, झगझगाट पाडणारा दिवा लावायचा नाही आणि उजाडेपर्यंत मचाणावरून उतरायचे नाही, एवढी शिस्त त्यांनी स्वतःच लिहून काढली आहे. गुळाच्या ढेपेचे पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत. "अस्वल आलंच नाही तर?" असे छायाचित्रकाराने विचारले. आम्ही म्हटले, "तर ते त्या रात्री दुसरीकडे कोठे तरी पाणी प्यायले असेल." त्याला हे उत्तर फारसे रुचलेले दिसले नाही. जीप मात्र आम्ही दिली आहे.

आणि आमचा बेतही बदलला. या उपवासकाळात धर्मग्रामातर्फे धान्याचे वाटप झाले, तेव्हा आम्ही कॅमेरा आणू दिला नाही. पोती चर्चच्या मागच्या व्हरांड्यात ठेवली. ज्याची त्याने सोयीने संध्याकाळी न्यावी, असे सांगितले. समितीतील एक ज्येष्ठ सभासद नाराज झाले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही : दात्यांना पुरावा लागतो, आणि पुरावा नसेल तर पुढच्या वर्षी धान्य कोठून येणार? त्या वेळी ज्यांच्या घरी चूल पेटणार नाही, त्यांना आमच्या नीतिशास्त्राचा काय उपयोग? आम्ही दात्यांना खर्चाच्या पावत्या, धान्याचा तपशील आणि किती कुटुंबांना ते पोहोचले याचा आकडा पाठवला आहे. सोबत छायाचित्र का नाही, हेही एका पानात लिहिले आहे. त्या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही.